कडेची खेळपट्टी

चेंडू आला तेव्हा हेस्टर दोरीवर लंगोट वाळत घालत होती. बॅटचा आवाज तिने ऐकला होता, पण स्केलबेकमध्ये शनिवारी दुपारी तो आवाज घड्याळाच्या टकटकीसारखाच. कानावर पडतो आणि ऐकू येत नाही. मग डोक्यावरून काहीतरी सणसणत गेलं. घेवड्याचे वेल थरारले, तापून दगड झालेल्या वाफ्यावरून लाल काहीतरी उसळलं आणि थेट बाबागाडीच्या चाकावर आदळलं.

गाडी हातभर सरकली.

चिमटे तिच्या तोंडात तसेच राहिले. तिला धावताच येईना.  दोरीला धरत धरत ती गाडीपाशी पोचली. आयव्ही जागी झाली होती. नुकतीच कुठे मान धरू लागलेली पोर, गाडी हलली म्हणून बोळकं पसरून हसत होती. टोपडं एका बाजूला सरकलं होतं आणि पातळ जावळाखाली टाळू लुपलुपत होती. हेस्टरने तिथे तळहात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"चेंडू इकडेच आला ना हो?"

दगडी गडग्यावरून लालबुंद चेहऱ्याचा एक परका फिल्डर डोकावत होता. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

हेस्टर वाकली, चेंडू उचलला आणि त्याच्या हातात दिला. त्याने "आभारी आहे" म्हटलं, वळला, आणि पळता पळता चेंडू मैदानात फेकला. तिकडे टाळ्या चालूच होत्या. कुणी विचारलं नाही, की कुठे पडला, कुणाला लागला का. आणि आपण तो इतक्या मुकाट्याने दिला तरी कसा, हे तिला नंतर आठवडाभर उमगेना. सवयीने दिला, दुसरं काय. घर तिच्या मॅज मावशीचं. मावशीने अंगणात आलेला चेंडू जन्मात परत दिला नव्हता. पत्र्याच्या बादलीत टाकायची, टण् आवाज व्हायचा, आणि गडग्यापलीकडून शिव्या यायच्या. गाव तिला म्हातारी घूस म्हणायचं. मावशी गेली, घर हेस्टरच्या नावावर झालं, आणि पहिल्याच शनिवारी हेस्टरने चेंडू हसून परत दिला. तेव्हा अख्खं पॅव्हिलियन म्हणालं होतं, क्लेमची बायको गुणाची आहे हो.

फटका कुणाचा ते तिने न बघताच ओळखलं होतं. डावखुरा क्लेम. पायाजवळ चेंडू आला की त्याचा हात आपोआप फिरतो. लग्नाआधी त्याच फटक्यासाठी ती गडग्यावर येऊन बसायची.

*

संध्याकाळच्या धारा काढून क्लेम घरी आला तेव्हा त्याच्या अंगाला गोठ्याचा आणि उन्हाचा वास होता. दारातच त्याने बूट काढले.

"ऐकलंस का? पन्नास धावा केल्या. नेव्हिल म्हणतो, असाच खेळलास तर यंदा लीग आपली."

हेस्टर बटाटे सोलत होती. "चेंडू अंगणात आला."

"माहीत आहे. षटकार होता."

"गाडीवर आला, क्लेम."

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. पाळण्याजवळ गेला, वाकून बघितलं, आयव्हीच्या गालाला बोट लावलं. "लागलं का तिला?"

"नाही."

"मग?" तो सुटल्यासारखा बोलला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "अगं, मी काय मुद्दाम मारला का?"

"मुद्दाम मारला असतास तर बरं झालं असतं. मुद्दाम करणाऱ्याला थांब म्हणता येतं."

"गाडी पुढच्या दारी ठेवत जा ना."

"पुढच्या दारी रस्ता आहे. दुधाचे टँकर जातात. धुरळ्याने तिचा श्वास भरून येतो."

"मग आत."

"आत भट्टी झालीय. तिच्या मानेवरचं घामोळं बघितलंस का?"

 जेवताना क्लेमचे डोळे मिटत होते. पहाटेच्या धारा, मग गवत कापणी, मग पुन्हा धारा, आणि मधल्या एवढ्याशा दुपारी क्रिकेट. आठवड्यातला तेवढाच वेळ तो कुणाचा नोकर नसायचा, हे हेस्टरला कळत होतं. तिने त्याच्या ताटात आणखी एक बटाटा टाकला आणि आतल्या आत धुमसत राहिली.

*

त्या उन्हाळ्यात खोऱ्यात पाऊसच नव्हता. ओढ्यात नुसते गोटे उरले होते. डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडलं होतं, मेंढ्या गडग्यांच्या सावलीला पोटं टेकून पडायच्या. नळाला पाइप लावायची बंदी आली होती. बागेला नाही, मोटार धुवायला नाही, मैदानाला तर नाहीच.

मैदान राखायचं काम हेस्टरचा सासरा सेप करायचा. मधल्या चौकोनात खेळपट्ट्या शेजारी शेजारी आखलेल्या. एका शनिवारी एक वापरायची, मग तिला विश्रांती द्यायची आणि पुढच्या शनिवारी दुसरी कापायची, असा त्याचा क्रम. पट्टी मैदानाच्या पलीकडल्या कडेची असली की हेस्टरचं घर लांब पडायचं आणि तिचा शनिवार सुखाचा जायचा. पट्टी अलीकडच्या कडेची असली की क्लेमच्या बॅटपासून घेवड्याच्या वाफ्यापर्यंत जमीन उरायचीच नाही. कुठल्या शनिवारी कुठली पट्टी, हे तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. सेप दोरी ताणून खुंट्या ठोकायला लागला की ती हातातलं काम सोडून बघत राहायची.

बुधवारी संध्याकाळी तो खुंट्या ठोकत होता. अलीकडच्याच कडेला. पुन्हा.

आयव्हीला कडेवर घेऊन ती फाटकातून मैदानात गेली. सेप आणि कप्तान नेव्हिल खेळपट्टी दाबायचा जड रूळ ओढत होते. सेपच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. नेव्हिलचं गावात वाणसामानाचं दुकान होतं. रूळ ओढतानाही तो दुकानात उभा असल्यासारखा गोड बोलायचा.

"या या, छोट्या पंच आल्या!" तो आयव्हीकडे बघून म्हणाला.

"सेप," हेस्टर म्हणाली, "पट्टी पलीकडची घ्या ना या शनिवारी."

सेपने रूळ थांबवला आणि बाहीने कपाळ पुसलं. "पलीकडची माती फुटलीय, पोरी. भेगांत बोट जातं. चेंडू टाकला तर कुणाच्या तोंडावर उसळेल सांगता येत नाही. पाणी असतं तर केलं असतं काहीतरी."

"म्हणजे फलंदाजाच्या तोंडावर नको. माझ्या पोरीच्या चालेल."

सेपने खाली बघितलं. रुळाच्या दांड्यावरचा गंज तो अंगठ्याने खरवडू लागला.

"तसं कोण म्हणतंय?" नेव्हिल मध्ये पडला. "हेस्टर, तू आपल्यातली. हे असलं आम्ही शहरातून आलेल्या लोकांकडून ऐकतो. घर मैदानाशेजारी घ्यायचं आणि मग चेंडू आला म्हणून रडायचं."

"मी घर घेतलं नाही. मी त्या घरात वाढले."

"तेच म्हणतो मी. तुला काय नवीन आहे त्यात?"

"ही नवीन आहे," हेस्टरने आयव्हीला जरा वर उचललं.

नेव्हिल हसला. "मावशीवर गेलीस बघ."

"निदान क्लेम खेळत असेल तेव्हा तरी..."

"तेव्हा काय करू? थांबवू? वरच्या लीगमधला सामना आहे, पोरी. खेळ असा कुणासाठी थांबवता येत नाही. तो चालू झाला की चालू झाला."

सेपने तेवढ्यात रूळ ओढायला घेतला. जाता जाता तिच्याकडे न बघता हळूच म्हणाला, "गाडी घराच्या भिंतीलगत ठेव. अगदी लगत."

ती परत आली. भिंतीलगत गाडी लावून बघितली. मग खाली बसून, गाडीच्या उंचीवरून आभाळाकडे बघितलं. आभाळ कुठूनच अडत नव्हतं.

*

शनिवार उजाडला तोच तापलेला. खालच्या गावाचा संघ आला होता. चहाची पाळी हेस्टरची आणि डोरीनची, म्हणजे नेव्हिलच्या बायकोची. पॅव्हिलियनच्या मागच्या खोलीत काकडीच्या चकत्या करता करता हेस्टरची पाठ ओली झाली होती. बाबागाडी तिने दारातच, डोळ्यांसमोर ठेवली होती. अंगणात ती आज जाणारच नव्हती. डोरीन पावाला लोणी लावत होती आणि एकेक स्लाइस जरा जास्तच जोरात ठेवत होती.

"ऐकलं, तुला पट्टी बदलून हवीय," ती अखेर म्हणाली.

"हो."

"माझे तिन्ही मुलगे या सीमारेषेवर वाढले. एकालाही खरचटलं नाही."

"नशीब त्यांचं."

"नशीब नाही, हेस्टर. लक्ष ठेवावं लागतं."

हेस्टरच्या हातातली सुरी थांबली. मग तिने पुढची चकती कापली. पहिल्या डावानंतर खेळाडू चहाला आले तेव्हा एरवी तिच्याशी थट्टा करणारे लोक, कप उचलून, मान हलवून, बाहेर जाऊ लागले. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "हळू खा रे, पावबिव उडाला तर बाई मैदान बंद करतील." दोघं हसले. क्लेम मागेच उभा होता. त्याने ऐकलं. कपातल्या चहाकडे बघत राहिला.

दुसऱ्या डावात स्केलबेकची फलंदाजी आली आणि गडी पटापट पडले. फक्त क्लेम टिकून होता. उन्हाने आयव्ही कावली. आधी कुरकुर, मग रडणं, मग तो तार लागलेला, श्वास अडकणारा टाहो. हेस्टरने तिला अंगावर घेतलं, ती पिईना. खांद्यावर घेतलं, ती कमान करून मागे जायला लागली. बाहेर बाकावर बसलेल्यांच्या माना वळू लागल्या.

शेवटची जोडी खेळत होती. एक चौकार मिळाला की सामना खिशात.

डोरीन आत आली. "तिला घरी घेऊन जा. क्लेमचं लक्ष जातंय."

"घरी? आत्ता? तो खेळतोय आणि मी तिकडे नेऊ?"

"मग दुसरीकडे फिरव कुठेतरी. पण इथे नको. अख्खा मोसम या एका फटक्यावर आलाय, बाई!"

हेस्टरने आयव्हीला गाडीत ठेवलं आणि निघाली. डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं. घाम होता की रडू, तिलाही कळत नव्हतं. सीमारेषेच्या बाहेरून ती गाडी ढकलत गेली. वाळक्या गवतावर चाकं कुरकुरत होती. गाडी चालू लागल्यावर पोर हळूहळू गप्प झाली, मुठी चोखायला लागली. हेस्टर तिच्याकडेच बघत चालली होती. कुठे चाललोय याचं तिला भान नव्हतं. पांढऱ्या फळ्यांचा तो उंच पडदा, फलंदाजाला चेंडू दिसावा म्हणून मैदानाच्या टोकाला चाकांवर उभा असतो तो, त्याच्यासमोर ती केव्हा आली ते तिला कळलंच नाही.

"हातामागे! ए, हातामागे कुणीतरी आहे!"

"बाई, थांबा!"

"थांबू नका, पुढे व्हा!"

हेस्टर जागच्या जागी थबकली. लहानपणापासून अंगात भिनलेलं होतं. गोलंदाजाच्या हातामागे हलायचं नाही. मैदानात धावत सुटलेला गोलंदाज हात वर करून थांबला होता. पलीकडच्या टोकाला फलंदाज यष्ट्यांपासून बाजूला झाला होता आणि हात आडवा धरून उभा होता. तो क्लेम होता. फिल्डर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पंचाच्या पांढऱ्या कोटातला सेप वळून बघत होता. पॅव्हिलियनच्या पायऱ्यांवरचे लोक उभे राहिले होते.

सगळं थांबलं होतं. एकूण एक माणूस.

तिने पाऊल उचललं होतं. ते तिने परत खाली ठेवलं. पायाने गाडीचा ब्रेक लावला. खट्ट.

"पुढे हो ना, हेस्टर!" नेव्हिल पायऱ्यांवरून ओरडला.

ती हलली नाही.  आता पोर गप्प होती आणि मैदानही गप्प होतं.

सेप चालत आला. लांबचं अंतर होतं आणि तो घाई करत नव्हता. चेंडू मोजायचे खडे त्याच्या खिशात खुळखुळत होते.

"पोरी, पडद्यासमोरून बाजूला हो."

"खेळ थांबवता येत नाही म्हणाला होता ना तुमचा कप्तान?" तिचा आवाज चिरकला. "हा बघा, थांबला. सावली हलली म्हणून थांबला. मागच्या शनिवारी माझ्या पोरीच्या गाडीवर चेंडू आला. चाकावर, सेप. हात दीड हात इकडे असता तर तिचं डोकं होतं. तेव्हा कोण थांबलं? तुम्ही काय केलंत तेव्हा?"

सेपने ओठ हलवले. "षटकार दिला," तो म्हणाला.

"हो. दोन्ही हात वर केलेत."

सेप गाडीत वाकला. आयव्हीने त्याच्या कोटाचं बटण पकडलं. ते सोडवायला त्याला बराच वेळ लागला, किंवा त्याने लावला.

तोवर क्लेम आला होता. बॅट काखेत, पॅडचे पट्टे सुटलेले. "हेस्टर, घरी बोलू."

"घरी तू झोपतोस."

त्याचा चेहरा कसनुसा झाला. मागून गोलंदाज ओरडला, "चाललंय काय तुमचं? लग्नबिग्न मोडायचं असेल तर नंतर मोडा!" दोघं-तिघं हसले.

"हलव गाडी," क्लेम हळू आवाजात म्हणाला. "मी तिकडे मारणार नाही."

"तुझा हात ऐकणार आहे का तुझं?"

क्लेमने आपल्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याचा होता. "नाही ऐकला," तो म्हणाला, "तर मी चालायला लागेन. गडग्यापलीकडे गेला तर मी आऊट. कुणी देवो न देवो." आणि बापाकडे वळून, "डॅड, ऐकलंत ना?"

सेपने मान हलवली की नाही, हेस्टरला दिसलं नाही. तिने ब्रेक काढला आणि गाडी पडद्यामागे नेली. फळ्यांच्या फटीतून पांढरी उन्हं येत होती. एका फटीला तिने डोळा लावला.

गोलंदाज पुन्हा धावला. चेंडू पायाजवळ पडला. क्लेमने बॅट सरळ धरली होती, तिने पाहिलं, अगदी शेवटपर्यंत सरळ. आणि मग खांदा वळला, कंबर फिरली, मनगटं फिरली. तो स्वच्छ, कोरडा आवाज आला. आवाजासरशी हेस्टर गाडीवर ओणवी झाली. गाडी अंगणात नव्हती, पडद्यामागे होती, तरीही झाली.

चेंडू वर गेला, गडग्यावरून, घेवड्यावरून, आणि खाली उतरला.

पॅव्हिलियनमध्ये एकच कल्ला झाला. टोप्या उडाल्या. नेव्हिल मैदानात धावत सुटला. सेपचे दोन्ही हात सवयीने वर निघाले होते, खांद्यापर्यंत आले होते. तेवढ्यात क्लेमने बॅट काखेत मारली आणि चालायला लागला.

सेपचे हात तिथेच अडकले. मग एक हात खाली आला. दुसरा वर गेला, आणि त्याचं एक बोट.

ओरडा मध्येच तुटला. "अरे, षटकार होता तो!" नेव्हिल किंचाळला. "क्लेम! गाढवा! जिंकलो होतो आपण! सेप, डोकं फिरलंय का तुझं?" खालच्या गावच्या लोकांनाही कळेना आनंद करावा की नाही. गोलंदाज नुसता बोटाकडे बघत राहिला.

क्लेम पॅव्हिलियनकडे गेला नाही. सरळ गडग्याकडे गेला, पॅडसकट त्यावर चढला आणि अंगणात उतरला. हेस्टर पडद्याआडून बाहेर आली. गडग्यावर त्याचं डोकं आणि खांदे तेवढे दिसत होते. तो घेवड्याजवळ शोधत होता, मग दोरीखाली. मग सफरचंदाच्या झाडाशी थांबला. गाडी रोज तिथेच उभी असायची, गवतात चाकांच्या खुणा होत्या. तो खाली वाकला आणि दिसेनासा झाला. बराच वेळ वर आला नाही.

मग टण् असा आवाज आला. पत्र्याचा. मावशीच्या बादलीचा.

*

रविवारी क्लेम पहाटे धारांना गेला तो न बोलताच गेला, पण जाताना त्याने आयव्हीच्या डोक्यावर ओठ टेकले आणि हेस्टरच्या पांघरुणावर हात ठेवला. सकाळी डोरीनचा निरोप आला, पुढच्या शनिवारी चहाला यायची गरज नाही. दूधवाल्याने बाटल्या ठेवल्या आणि मान वर केली नाही. हेस्टरने अंगणात टब आणून आयव्हीला आंघोळ घातली. मानेचं घामोळं टिपलं, टाळूवर तेल थापलं आणि तिला गाडीत निजवलं.

टक्. टक्.

तिचा हात गाडीच्या छतावर जाऊन बसला होता. मग तिला कळलं, लाकडावर लाकूड आहे हे. सेपची लाकडी मोगरी, खुंटीवर.

तिने गडग्यावरून बघितलं. सेप मैदानाच्या पार पलीकडच्या कडेला गुडघ्यांवर बसून खुंट्या ठोकत होता. रविवारी तो कधी मैदानात येत नसे.

"तिकडची फुटलीय म्हणाला होतात!" ती ओरडली.

"फुटलीच आहे!" तो मान वर न करता ओरडला. "नेव्हिल म्हणतो, हिच्यावर खेळणार नाही! मग म्हटलं, नका खेळू!" थोडं थांबून म्हणाला, "पाणी मिळालं असतं तर बांधली असती कशीतरी."

हेस्टरने टबाकडे बघितलं. मग मावशीची बादली उपडी केली. जुने, तडकलेले, शिवण उसवलेले चेंडू गवतावर घरंगळले. कालचा लाल चेंडू तेवढा त्यांच्यात ताजा होता. तिने आंघोळीचं पाणी बादलीत भरलं, गाडी एका हाताने ढकलत आणि बादली दुसऱ्या हाताने सावरत ती फाटकातून गेली.

सेपने बादली घेतली. भेगेवर धार धरली. साबणाचा फेस मातीवर क्षणभर थरथरला आणि पाणी आत गेलं, जणू ओतलंच नव्हतं.

"संध्याकाळी पुन्हा आंघोळ घालशील ना तिला?"

"घालीन."

सेप पुढच्या खुंटीकडे सरकला आणि मोगरी उचलली. हेस्टरला दिसत होतं की तो आता ठोकणार आहे. तरी आवाज झाला तेव्हा तिचा हात आयव्हीच्या डोक्यावर होता.